दहा म्हणजे दहाच : फोटोंच्या मर्यादित प्रिंट्स विकायला सुरुवात करताना

लालबागच्या एका चाळीत, ऐन पावसात, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या नऊवारी साड्यांचा फोटो मी काढला होता. तो फेसबुकवर टाकला तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "विकत मिळेल का?" मी हरखलो. नाक्यावरच्या लॅबमधून चकचकीत कागदावर १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढली आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. पैसे देताना त्यांनी दुसरा प्रश्न केला, "अशा किती काढणार आहात?" मी म्हणालो, "मागतील तेवढ्या." त्यांचा चेहरा पडला. ते काही बोलले नाहीत, पण मी काय गमावलं ते घरी येताना लोकलमध्ये माझ्या लक्षात आलं.

त्या प्रश्नाचं उत्तर पहिली प्रिंट विकण्याआधी तयार हवं. कागद, दर, वेबसाइट हे सगळं त्याच्या मागून येतं. ज्यांच्या हार्ड डिस्कवर चांगले फोटो पडून आहेत आणि ते कुणाच्या तरी भिंतीवर लागावेत असं आता वाटू लागलंय, त्यांच्यासाठी मी शिकलो ते क्रमाने सांगतो.

आकडा कशासाठी असतो

तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापत तेव्हा पत्रा झिजायचा. सुरुवातीच्या प्रती ठसठशीत, नंतरच्या पुसट. किती प्रती निघणार हे पत्राच ठरवायचा. डिजिटल फाइल झिजत नाही. हजारावी प्रिंट पहिलीसारखीच निघते. त्यामुळे आपल्या कामात मर्यादा घालणारी एकच गोष्ट उरते, आपण दिलेला शब्द. घेणारा कागदाचे पैसे देतो त्याहून जास्त त्या शब्दाचे देतो.

प्रत्येक फोटोला मर्यादा हवीच असंही नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर नि देव्हाऱ्यांत पोचल्या, त्या अमर्याद छापल्या म्हणूनच. पोस्टकार्डं, कॅलेंडरं, दोनशे-तीनशे रुपयांच्या छोट्या प्रिंट्स ही वाट आजही चांगली आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. फक्त कुठला फोटो कुठल्या वाटेने जाणार हे आधी ठरवा. आज मर्यादित म्हणून विकलेला फोटो पुढच्या दिवाळीला कॅलेंडरवर दिसला, तर ज्याने आठ हजार मोजले त्याला काय सांगाल?

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता. विल्यम एगलस्टन या मोठ्या छायाचित्रकाराने पूर्वी डाय ट्रान्सफर या रंगीत प्रिंटच्या जुन्या पद्धतीने काढलेल्या मर्यादित प्रिंट्स विकल्या होत्या. २०१२ मध्ये त्यांतल्याच काही प्रतिमांच्या मोठ्या आकाराच्या डिजिटल प्रिंट्स काढून ३६ प्रिंट्सचा लिलाव झाला. त्यातून सुमारे ५९ लाख डॉलर आले. जुन्या प्रती जपून ठेवलेल्या एका संग्राहकाने दावा लावला. २०१३ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, कारण आकार वेगळा, पद्धत वेगळी, म्हणून आवृत्तीही, म्हणजे ठरावीक प्रतींचा संचही, वेगळी. कायद्याने एगलस्टन सुटले. पण त्यांचं नाव डोंगराएवढं होतं. तुमचं-माझं नाव असल्या पहिल्याच प्रसंगात जाईल, आणि मुंबईत फोटो विकत घेणारी मंडळी एकमेकांना ओळखतात.

आधी फोटो निवडा, आणि तो तुमचाच आहे ना ते बघा

पन्नास फोटो विकायला काढू नका. सात-आठ पुरेत. निवडायची माझी पद्धत साधी आहे. पंधरावीस फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रिंट्स काढून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवायच्या आणि महिनाभर तसंच राहू द्यायचं. ज्याच्याकडे चहा घेताना अजूनही नजर जाते तो ठेवायचा. गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि शिवडीचे फ्लेमिंगो सगळ्यांकडे आहेत. तुमच्या गल्लीतला, तुमच्याशिवाय कुणाला न दिसलेला फोटो जास्त काळ टिकतो.

फाइल पुरेशी मोठी आहे का तेही इथेच तपासा. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरा. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो, म्हणजे २० बाय १३ इंचांपर्यंत निर्धास्त जाता येतं. लांबून बघायची मोठी प्रिंट असेल तर २४० पिक्सेलवरही भागतं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलवर काहीही काढू नका.

मालकीचा मुद्दा बरेच जण विसरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणारा असतो. लग्नातला फोटो कितीही सुंदर आला असला तरी तो यजमानांना विचारल्याशिवाय विकायचा नाही. नोकरीत असताना मालकासाठी काढलेल्या फोटोंचंही करारपत्र आधी वाचा. तुम्ही स्वतःसाठी काढलेला फोटो तुमचा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा हक्क तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. प्रिंट विकली म्हणून तो हक्क घेणाऱ्याकडे जात नाही. प्रमाणपत्रावर हे एका ओळीत लिहा, म्हणजे पुढे कुणी तो फोटो आपल्या दुकानाच्या जाहिरातीत वापरणार नाही.

फोटोत माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याला भेटा. भाऊच्या धक्क्यावर मासे निवडणाऱ्या एका मावशींचा फोटो माझ्याकडे होता. तो विकायचं ठरल्यावर मी त्यांना शोधत पुन्हा गेलो. मराठीत एका पानाचं साधं संमतीपत्र नेलं होतं, ते त्यांच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "विक की, पण एक मला दे." आवृत्तीच्या बाहेरची एक प्रत मी त्यांना दिली आणि तशी नोंद केली. पत्र नसतं आणि नुसतं तोंडी विचारलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. विचारलंच नसतं, तर तो फोटो विकायचा मला काही हक्क नव्हता.

आकडा ठरवा आणि लिहून काढा

आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा 'ऱ्हाइन २' हा १९९९ चा फोटो २०११ मध्ये ४३ लाख डॉलरला गेला. त्याच्या फक्त ६ प्रती आहेत. हे वाचून नवे लोक आपली आवृत्ती तीनची ठेवतात. उलटा विचार झाला तो. गुर्स्कीचे फोटो मोठमोठ्या संग्रहालयांना हवे होते, मागणी आधी होती. आपल्याला अजून कुणी ओळखत नाही. तीन प्रती विकून तो फोटो संपला, तर चौथ्या माणसाला दाखवायला हातात काय राहील? दुसऱ्या टोकाला दोनशेची आवृत्ती म्हणजे मर्यादा नावापुरतीच. नवख्याने दहा ते पंचवीस यांमध्ये राहावं असं माझं मत आहे. मी दहावर असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दहा म्हणजे कशाच्या दहा? एका आकाराच्या दहा आणि दुसऱ्या आकाराच्या आणखी दहा, की सगळे आकार मिळून दहा? दोन्ही चालतं, पण पहिली प्रत विकण्याआधी ते कागदावर यायला हवं. दोन आकारांत काढलेल्या माझ्या दुसऱ्या एका फोटोचं निवेदन असं आहे:

"या छायाचित्राच्या सर्व आकार मिळून एकूण १५ प्रती निघतील. १२ बाय १८ इंचांच्या १० आणि २० बाय ३० इंचांच्या ५. याखेरीज कलाकाराच्या २ प्रती. यानंतर कोणत्याही आकारात, कोणत्याही कागदावर, कोणत्याही पद्धतीने भिंतीवर लावायची प्रिंट निघणार नाही. पुस्तक, नियतकालिक किंवा प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात हे छायाचित्र छापण्याचा हक्क माझ्याकडे राहील."

कोणत्याही आकारात, कोणत्याही कागदावर, कोणत्याही पद्धतीने. एगलस्टनचा वाद ज्या फटीतून शिरला ती या शब्दांनी बंद होते. कलाकाराच्या प्रती, ज्यांना आर्टिस्ट प्रूफ म्हणतात, त्या एकदोनच ठेवा. दहाच्या आवृत्तीला पाच कलाकार-प्रती म्हणजे ती पंधराचीच आवृत्ती झाली.

या निवेदनाची परीक्षा लवकरच होते. एका वास्तुरचनाकार बाईंना ऑफिसच्या लॉबीसाठी हाच फोटो ३० बाय ४५ इंचांत हवा होता. रक्कम माझ्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती. मी नाही म्हटलं आणि अजून आवृत्ती जाहीर न केलेले दुसरे तीन फोटो दाखवले. त्यांनी त्यातला एक घेतला. घेतला नसता तरी उत्तर तेच राहिलं असतं.

प्रिंट काढणं

इथे घाई करू नका, पैसाही वाचवू नका.

नाक्यावरच्या लॅबची चकचकीत प्रिंट अल्बमसाठी ठीक आहे. मर्यादित आवृत्तीसाठी पिगमेंट शाईच्या, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या, इंकजेट मशीनवर, आम्लरहित कागदावर काढा. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, उजेडात लवकर फिकी पडते, पिगमेंट टिकते. कागद शंभर टक्के कापसाचा असेल तर उत्तम. हानेम्युले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा, हा पुष्कळांच्या पहिल्या पसंतीचा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कागद आहे. काळा-पांढरा किंवा गडद छायांचा फोटो असेल तर बॅरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या, कागदावर काळा रंग जास्त खोल उतरतो. फार पांढरेशुभ्र दिसणारे काही कागद उजळवणाऱ्या रसायनांमुळे तसे दिसतात आणि कालांतराने पिवळट होतात. लॅबला हे थेट विचारा. शाई कुठली, कागद कुठला, त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते संगणकाला सांगणारी फाइल) मिळेल का, हे तीन प्रश्न विचारल्यावर लॅबवाला नीट उत्तर देतो की टाळतो, त्यावरून बरंच कळतं.

प्रोफाइल मिळालं की आपल्या संगणकावर सॉफ्ट प्रूफ करून बघा, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतील याचा अंदाज येतो. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग खरे दिसतील असा जुळवलेला, हवा आणि त्याचा उजेड कमी हवा. प्रिंट काळपट आली अशी तक्रार नवे लोक करतात, तेव्हा बहुतेक वेळा मॉनिटर फार उजळ ठेवलेला असतो. आधी फोटोतला एक पट्टा छापून घ्या. तो लॅबच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दिवसाउजेडी खिडकीपाशी धरून बघा. माझ्या साड्यांच्या फोटोत एक जांभळी साडी आहे. तिच्यासाठी पाच पट्टे काढावे लागले.

मनासारखी प्रत आली की ती नमुना म्हणून बाजूला ठेवा. दहाच्या दहा एकदम काढायची गरज नाही, मागणी येईल तशा काढा. मात्र प्रत्येक नवी प्रत त्या नमुन्याशेजारी ठेवून ताडून बघा. तिसरी आणि आठवी प्रत शेजारी ठेवली तर फरक दिसता कामा नये.

आता मुंबईची हवा. नव्या प्रिंटमधली शाई पूर्ण सुकायला वेळ लागतो, पावसाळ्यात जास्तच. किमान एक पूर्ण दिवस उघडी ठेवा, मगच पाकिटात घाला. जुलैत माझ्या चार प्रती गेल्या. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या, पंधरा दिवसांत कडेला बुरशीचे ठिपके आले. त्या चारही फाडल्या आणि तसं वहीत लिहिलं. तेव्हापासून प्रिंट्स आतल्या भिंतीकडच्या कपाटात, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, मध्ये आम्लरहित पातळ कागद घालून आडव्या ठेवतो. सोबत सिलिका जेलच्या पुड्या असतात, त्या महिन्याला बदलतो. कापसाच्या कागदावर बोटांचे डाग बसतात ते निघत नाहीत, म्हणून सुती हातमोजे घाला.

सही, क्रमांक आणि वही

प्रतिमेभोवती पांढरी कड सोडा. मॅट कागदावर त्या कडेत शिसपेन्सिलीने डावीकडे क्रमांक, म्हणजे ३/१०, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही, ही रुळलेली पद्धत आहे. चकचकीत कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे न पुसणारं पिगमेंट शाईचं पेन मागच्या बाजूला वापरा. सोबत प्रमाणपत्र द्या. त्यात शीर्षक, फोटो काढल्याचं वर्ष, प्रिंट काढल्याचं वर्ष, आकार, कागद, शाई, क्रमांक आणि वरचं निवेदन असू द्या. एकाच क्रमांकाचे जोडीने येणारे होलोग्राम स्टिकर मिळतात. एक प्रिंटमागे, एक प्रमाणपत्रावर लावता येतो.

या सगळ्यापेक्षा वही मोठी. शिवलेली, पानं फाडता न येणारी वही घ्या. प्रत्येक फोटोला एक पान द्या आणि त्यावर प्रत क्रमांक, तारीख, कुणाला, कितीला, कुठल्या लॅबमधून हे सगळं लिहा. संगणकावरही ठेवा, पण वही ठेवाच. सुरुवातीला मी लक्षात राहील म्हणून लिहिलं नाही, आणि एकाच आठवड्यात दोघांना ४/१० दिली. दुसऱ्या गृहस्थांना फोन करून चूक सांगितली, प्रिंट परत आणून ५/१० दिली. ते समजूतदार होते म्हणून निभावलं.

आणि ते पहिले गृहस्थ? आवृत्ती जाहीर केली तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो, कापसाच्या कागदावरची १/१० त्यांना दिली आणि ती जुनी चकचकीत प्रिंट परत घेतली. वेगळे पैसे घेतले नाहीत. बिनक्रमांकाची एक प्रत बाहेर राहिली असती, तर माझ्या दहा अकरा झाल्या असत्या.

दर

हिशेब मांडून बघू. समजा, १२ बाय १८ ची प्रिंट १,८०० रुपयांत पडते, माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि पॅकिंग ७००, प्रमाणपत्र वगैरे १००. एकूण २,६००. कलादालनातून विकलं तर विक्रीचा मोठा हिस्सा, कित्येकदा निम्मा, त्यांच्याकडे जातो. ८,००० ला विकलेल्या प्रतीचे हातात ४,००० आले, खर्च जाता १,४०० उरले. कॅमेरा, प्रवास आणि तुमचा वेळ अजून धरलेलाच नाही. म्हणून दर ठरवताना कलादालनाचा हिस्सा पहिल्या दिवसापासून धरा, आज कलादालन नसलं तरी. वेबसाइटवर ५,००० आणि कलादालनात ८,००० असं केलंत तर ते दार कायमचं बंद होतं.

आवृत्ती संपत जाईल तसा दर चढवा आणि ते आधीच जाहीर करा. पहिल्या चार प्रती ८,०००, पुढच्या तीन १०,०००, नंतरच्या दोन १३,०००, शेवटची १८,०००, असं काहीतरी. लवकर विश्वास टाकणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. त्याच कारणाने दर कधी उतरवू नका. दिवाळी सेल नाही, ओळखीचा म्हणून निम्म्यात नाही. नात्यागोत्यात द्यायचीच असेल तर वेगळ्या, अमर्याद फोटोची छोटी प्रिंट भेट द्या.

विकायचं कुठे

इन्स्टाग्राम ही काचेची खिडकी आहे, दुकान वेगळं हवं. स्वतःचं एक साधं पान करा. त्यावर फोटो, आकार, कागद, दर, निवेदन आणि 'दहापैकी सहा शिल्लक' अशी खरी संख्या असू द्या. 'शेवटच्या दोनच' असं खोटं कधी लिहू नका. फाइल लांब बाजूला १,५०० पिक्सेलच्या आसपास, एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत टाका आणि तिच्यात तुमचं नाव भरून ठेवा. प्रिंट भिंतीवर लावलेली, शेजारी खुर्ची किंवा माणूस असलेला एक फोटो जरूर टाका, इंचांवरून कुणाला आकार कळत नाही. यूपीआयने पूर्ण रक्कम आल्यावरच प्रिंट काढायला द्या आणि किती दिवस लागतील ते आधी सांगा.

तरी महाग प्रिंट पडद्यावर बघून घेणारे थोडे. कागद हातात आला की माणूस हलतो. म्हणून दक्षिण मुंबईत काळा घोड्याला जा. जहांगीर कलादालन तिथे १९५२ पासून आहे. त्याच्या गच्चीवरच्या टेरेस गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागतात. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये खास छायाचित्रांसाठीचं पिरामल कलादालन आहे. लगेच अर्ज करू नका. आधी वर्षभर बघायला जा, लेबलांवर आवृत्तीचे आकडे कसे लिहिलेत ते वाचा, प्रदर्शन मांडणाऱ्याशी बोला. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला गर्दी असते, पण शांतपणे बोलायला मंगळवार-बुधवारची दुपार बरी.

माझी सगळ्यात चांगली विक्री मात्र घरीच झाली. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी दोन खोल्यांतलं सामान हलवलं, बारा प्रिंट्स लावल्या, सोसायटीतल्या आणि ओळखीच्या लोकांना शनिवार-रविवार चहाला बोलावलं. तीन गेल्या. हे कुणालाही करता येतं.

पाठवणं आणि कागदपत्रं

छोट्या प्रिंट्स दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. मोठ्या गुंडाळायच्या तर नळी रुंद हवी, अरुंद नळीतून कापसाचा कागद वाकडा होऊन निघतो. पावसात बाहेरून प्लॅस्टिक. फ्रेम, शक्यतो, घेणाऱ्याच्या गावी करू द्या आणि आम्लरहित माउंट, काचेला प्रिंट चिकटणार नाही इतकं अंतर, मागे सेलोटेप नाही, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रत्येक विक्रीची पावती फाडा. महाराष्ट्राबाहेर माल विकू लागलात की उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, आणि परदेशी पाठवायचं तर आयात-निर्यात कोड लागतो, तो ऑनलाइन निघतो. पहिल्या विक्रीआधी सीएकडे तासभर बसा.

प्रत खराब झाली तर, आणि आवृत्ती संपली तर

बोरिवलीच्या एका ताईंच्या भिंतीला ओल आली आणि ७/१० वर पाण्याचा ओघळ उतरला. त्यांनी विचारलं, आता काय? खराब प्रत परत मागवली, त्यांच्यासमोर फाडली, त्याच क्रमांकाची नवी काढली, फक्त प्रिंटचा खर्च घेतला. वहीत ७/१० पुढे दोन तारखा आहेत. जुनी परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही, एवढाच नियम.

दहावी गेली की चाचणीचे पट्टे आणि नमुना-प्रत फाडून टाका, वेबसाइटवर 'आवृत्ती संपली' लिहा आणि फोटो तिथेच राहू द्या. नवे येणारे तो बघून बाकीचे बघतात. आधीच्या नऊ जणांना एक पत्र पाठवा, त्यांना ते कळायला हवं.

आपल्यामागे हक्क ६० वर्षं घरच्यांकडे राहणार, तेव्हा वही कुठे आहे हे त्यांनाही माहीत हवं. माझी वही मुलीच्या टेबलाच्या खणात असते. साड्यांच्या पानावर शेवटच्या ओळीखाली मी लाल शाईने रेघ मारली आहे आणि खाली तिच्यासाठी लिहिलंय, "दहाही गेल्या. कुणी कितीही देऊ केले तरी अकरावी काढायची नाही."